अर्धवट काम जिथं तसंच राहू शकतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर दोन खोल्यांचं, राहणारे चौघं. तुम्ही तैलरंगात काम करता, तेही जेवणाच्या टेबलावर, म्हणजे दर वेळी मांडामांड आणि दर वेळी आवराआवर. वेळ मिळतो तो सकाळी तासभर, कधी दुपारी पाऊण तास. नवऱ्यानं झोपायच्या खोलीतली मोठी भिंत देऊ केली आहे, सासूबाईंना तुमच्या चित्रांचं भारी कौतुक आहे, आणि आठ वर्षांच्या मुलीला तुमच्या रंगात हात घालायचा असतो. बाहेर छोटी जागा भाड्यानं घ्यावी की घरातच काही करावं, आणि जे आधीच सगळं देतायत त्यांच्याकडं आणखी मागायचं तरी काय, असं तुम्ही विचारलंय.

घरातल्या घरात कामाच्या जागा आखून देणं हा माझा व्यवसाय आहे. चित्रकार, शिवणकाम करणारे, वादक, लिहिणारे, सगळ्यांसाठी आखल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगते.

भाड्याचा विषय आधी संपवू. बाहेरची जागा फळते ती सलग तीन-चार तास हाताशी असणाऱ्यांना. पाऊण तासासाठी कोणी कुलूप उघडायला जात नाही. दोन महिने हौसेनं जाणं होतं, मग आठवड्यातून एकदा, मग भाडं तेवढं जात राहतं. मुलगी मोठी होऊन तुमचे दिवस मोकळे झाले की पुन्हा विचार करा. आज घरातच.

आता खरी अडचण. तुमचं टेबल पुरेसं मोठं आहे, त्यामुळे चौरस फुटांचा प्रश्न फारसा नाही. त्या टेबलावरून काम अर्धवट सोडून उठता येत नाही, हा प्रश्न आहे. पाऊण तासातली दहा मिनिटं मांडण्यात आणि पंधरा आवरण्यात गेली की हातात वीसच उरतात. वेळेपेक्षाही मोठं नुकसान दुसरीकडं होतं, आणि ते लवकर दिसत नाही: माणूस नकळत असंच काम निवडायला लागतो जे एका बैठकीत उरकेल. लहान कॅनव्हास, ओळखीचा विषय, दुरुस्तीला वाव नसलेली रंगांची मांडणी. जागेनं तुमचं काम ठरवायला सुरुवात केलेली असते.

याचं ठसठशीत उदाहरण म्हणजे अमेरिकन चित्रकार ली क्रॅस्नर. 1945मध्ये तिचं चित्रकार जॅक्सन पोलॉकशी लग्न झालं आणि दोघं न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, स्प्रिंग्ज इथल्या घरात राहायला गेली. आवारातलं कोठार पोलॉकचा स्टुडिओ झालं. त्याची जमिनीवर पसरलेली प्रचंड चित्रं तिथंच झाली. क्रॅस्नरच्या वाट्याला घराच्या वरच्या मजल्यावरची झोपायची खोली आली. त्या काळातली तिची चित्रमालिका ‘लिटल इमेज’ म्हणून ओळखली जाते. नावाप्रमाणे लहान आकाराची, बारीक खुणांनी गच्च भरलेली. 1956मध्ये पोलॉक अपघातात गेला, तिनं कोठारात काम सुरू केलं आणि 1957मध्ये ‘द सीझन्स’ हे चित्र केलं. त्याची रुंदी पाच मीटरहून जास्त आहे. झोपायच्या खोलीतली चित्रं कमी प्रतीची होती असं कोणी समजू नये, ती फार सुंदर आहेत. पण पाच मीटरचं चित्र त्या खोलीत सुचलंही नसतं.

दुसरं उदाहरण उलट टोकाचं. इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांदीनं बोलोन्या शहरातल्या घरात कित्येक वर्षं ज्या खोलीत काम केलं, तीच त्याची झोपायची खोली होती. एक अरुंद पलंग, ईझल (चित्र टेकवायची घोडी), आणि बाटल्या, डबे, फुलदाण्या. घरात आई आणि तीन बहिणी. खोली लहान होती खरी, पण तिथल्या वस्तू मांडल्या तशाच राहत. टेबलावरच्या कागदावर तो त्यांच्या जागा पेन्सिलीनं आखून ठेवी. भेटायला गेलेल्यांनी त्या बाटल्यांवरच्या धुळीच्या थराबद्दल आवर्जून लिहून ठेवलंय. मी घरच्यांशी बोलायला बसते तेव्हा या धुळीचा दाखला हमखास देते. घरात चार माणसं असताना वर्षानुवर्षं एका टेबलावर फडकं फिरत नाही, हे आपोआप होत नसतं.

तेव्हा नवऱ्यानं देऊ केलेली भिंत घ्या. मात्र दोन गोष्टींचा आधी निकाल लावा.

पहिली, टर्पेंटाईन. माणसं रात्री सात-आठ तास जिथं श्वास घेतात त्या खोलीत टर्पेंटाईन किंवा थिनर नको, झाकण लावलेल्या बाटलीतसुद्धा नको. वास न येणारं थिनर मिळतं, पण वास मारला म्हणजे वाफ गेली असं होत नाही, ती तशीच निघत असते. सुदैवानं तैलरंगाला द्रावक लागतोच असं नाही. रंग पातळ करायला थोडं जवसाचं तेल पुरतं. कुंचला आधी फडक्यानं कोरडा पुसायचा, मग तेलात, मग साबण आणि कोमट पाणी. पाण्यात मिसळणारे तैलरंगही मिळतात. हाताला थोडे वेगळे लागतात, पण सवय होते. तरीही सुकणाऱ्या तेलाचा वास येतोच, म्हणून खिडकी आणि दार दोन्ही थोडं उघडं ठेवून हवा आरपार जाऊ द्या.

तेल पुसलेल्या फडक्यांबद्दल घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्या क्रियेत उष्णता निघते. फडकं पसरलेलं असेल तर ती हवेत निघून जाते. चुरगळून गोळा करून टाकलं तर आतच कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. म्हणून वापरलेलं फडकं घराबाहेर मोकळ्या जागी सपाट पसरून पूर्ण वाळवा, नाहीतर पाणी घातलेल्या, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवा. कामाचा पसारा पाहून कोणीतरी मायेनं फडक्यांचा बोळा करून कपाटाखाली सरकवतं, आणि धोका नेमका तिथंच असतो.

दुसरी गोष्ट, नवऱ्याची झोप. भिंत त्यानं दिली, पण तो झोपला की ती भिंत बंद. तुमचा वेळ सकाळचा आणि दुपारचा आहे म्हणून हे जमेल. रात्री काम करणाऱ्या बाईला मी हीच भिंत घेऊ नको म्हणाले असते आणि बाहेरच्या खोलीतला कोपरा शोधला असता.

आता भिंतीकडं वळू. उभं ईझल नको, ते पाय पसरतं. भिंतीला दोन उभ्या पट्ट्या ठोकून घ्या, त्यांवर वरखाली सरकणारी आडवी फळी, आणि कॅनव्हास धरायला वरून एक खिट्टी. सगळं मिळून भिंतीपासून वीतभर पुढं येतं. बाजूला बिजागरीची, वापर नसताना खाली पडणारी फळी पॅलेटसाठी. तिची उंची तुमच्या कोपराच्या किंचित खाली हवी, म्हणजे खांदा उचलून रंग कालवावा लागणार नाही. (ठोकताळा सगळ्याच हातकामाला चालतो: बारीक काम कोपराच्या थोडं वर, साधं काम थोडं खाली, जोर लावायचं काम बरंच खाली. लोक सगळ्यासाठी एकच टेबल घेतात आणि मग मान धरते.) पायाखाली पुसता येईल असा जाड विनाइलचा तुकडा. पट्ट्यांच्या वर आढ्याशी एक दांडी आणि पडदा लावा. पडद्याचं महत्त्व पुढं सांगते.

चित्रकाराला मागं सरकून बघायला जागा लागते, चित्राच्या मोठ्या बाजूच्या निदान दुप्पट-तिप्पट. तुमच्या पाठीमागं पलंग येणार. यावर जुना आणि नामी उपाय म्हणजे समोरच्या भिंतीवर मोठा आरसा. आरसा दोन मीटरवर असेल तर त्यातलं चित्र तुम्हाला जवळजवळ चार मीटरवरून पाहिल्यासारखं दिसतं, कारण नजर तिथवर जाऊन परत येते. शिवाय चित्र उलटं दिसतं आणि डोळ्याला सवयीनं दिसेनाशा झालेल्या चुका एकदम वर येतात. मोठ्या स्टुडिओतले चित्रकारही यासाठी आरसा ठेवतात.

उजेडाबद्दल थोडं विस्तारानं लिहिते, कारण घरातली बरीच चित्रं इथं फसतात. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, म्हणून तो उजेड दिवसभर बराचसा सारखा राहतो. दक्षिण गोलार्धात हेच दक्षिणेच्या खिडकीला लागू. तुमची खिडकी कुठल्याही दिशेला असो, ऊन थेट कॅनव्हासवर येत असेल तर पातळ पांढरा पडदा लावा. उजव्या हातानं काम करत असाल तर उजेड डावीकडून, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. ओल्या तैलरंगावर चमक मारत असेल तर कॅनव्हासचा वरचा काठ थोडा पुढं झुकवा. दिव्याच्या खोक्यावरचे दोन आकडे बघा: सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) 90 किंवा जास्त, आणि रंगतापमान (उजेड पिवळसर की निळसर त्याचं माप) 4000 ते 5000 केल्विन. घरातले पिवळसर दिवे 2700च्या आसपास असतात. त्या उजेडात सगळंच उबदार दिसतं, हात नकळत थंड रंगांकडं झुकतो आणि सकाळी चित्र निळसर, आजारी वाटतं. दोन्ही तऱ्हेचे दिवे एकदम लावणं तर आणखी वाईट. दिवा जवळ घेताना एक हिशोब लक्षात ठेवा: लहान दिवा दुप्पट लांब नेला की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. त्यामुळे कॅनव्हासच्या एका कोपऱ्याशी चिकटवलेला दिवा दुसरा कोपरा अंधारात ठेवतो. भिंतीला गडद किंवा भडक रंग असेल तर तोही चित्रावर परावर्तित होतो, म्हणून तेवढा भाग फिकट राखाडी किंवा मळकट पांढरा करून घ्या.

ओली चित्रं ठेवायला आढ्याजवळ उभ्या खाचांची मांडणी करा, खाचेची रुंदी आठ-दहा सेंटिमीटर. अंबरसारखे (गडद तपकिरी) मातकट रंग दोन-तीन दिवसांत वाळतात, टायटॅनियम पांढरा आणि कॅडमियमचे रंग आठवडा किंवा जास्तही घेतात. वाळलेली चित्रं कपाटामागच्या अंधारात कोंबू नका, जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. पडलंच तर घाबरू नका, उजेडात ठेवल्यावर ते बरंचसं परत येतं.

चित्रकला सोडून दुसरं काही करणारेही हे वाचतील, त्यांच्यासाठी दोन ओळी. भिंतीला फोम लावला की खोलीतला घुमारा कमी होतो, आवाज बाहेर जायचा थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात, सगळ्यात आधी दाराखालची. अंड्यांच्या ट्रेंनी तर आवाज अडतच नाही. लाकडी वाद्यं 40 ते 60 टक्के आर्द्रतेत सुखी असतात. मातीकाम करणाऱ्यांनी वाळलेली माती झाडूनं झाडू नये, ओल्या फडक्यानं पुसावी; सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. बस, पुन्हा तुमच्याकडं.

घरच्यांकडं काय मागायचं? तुम्ही लिहिलंय, ते आधीच सगळं देतात. मला तुमच्या पत्रात कौतुक दिसलं, प्रोत्साहन दिसलं, एक भिंत दिसली. घड्याळातला वेळ कुठं दिसला नाही. ‘तू कर ना, आम्ही आहोत’ हे वाक्य प्रेमाचं आहे, पण त्यात दुपारी दोन ते पावणेतीन मुलीनं हाक मारली तर कोण उठणार हे नाही. ते ठरवा. वार, वेळ आणि माणूस, तिन्ही. मोघम पाठिंब्यात आणखी एक गोची असते: त्यानं उपकार वाटत राहतात आणि माणूस मागायचं थांबवतो. ठरलेल्या गोष्टीत उपकार नसतो, नकाराला जागा असते. ‘गुरुवारी मला नाही जमणार’ असं सासूबाईंना सहज म्हणता आलं पाहिजे.

दुसरी मागणी: हात न लावणं. हे ऐकायला सोपं आहे आणि पाळायला फार अवघड, विशेषतः नीटनेटक्या माणसांना. पसारा त्यांना खरोखर टोचतो, त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून तो पडदा. पडद्याच्या आत तुमचं राज्य, बाहेर घराचं. बाहेर आलेला कुंचला कोणीही उचलून आत टाकू शकतं, आत मात्र कोणी काही उचलायचं नाही, मायेनंसुद्धा नाही. उठताना पडदा ओढला की अर्धवट चित्र सुरक्षित आणि नवऱ्याच्या डोळ्यांसमोरही काही नाही. एवढ्या एका ओढण्यानं कितीतरी घरांतली कुरबूर थांबलेली मी पाहिलीय.

तिसरी: चालू कामावर मत नको. ‘छान झालंय’ हेही नको. चांगला अभिप्राय अर्धवट चित्राला वाईटापेक्षा जास्त नडतो असं माझं मत आहे, कारण मग तो छान झालेला भाग खोडायची हिंमत होत नाही. पाहुण्यांना पडदा उघडून दाखवणंही यातच आलं. सासूबाईंना हे जड जाईल, त्यांना दाखवायची हौस आहे. त्यांच्यासाठी बाहेरच्या खोलीत पूर्ण झालेल्या चित्राची एक जागा ठेवा आणि तिथं कोणतं चित्र लावायचं हे त्यांनाच ठरवू द्या. कौतुकालाही जागा लागते.

आणि देणाऱ्याला काय पडतं, तेही पाहा. खगोलशास्त्रज्ञ कॅरोलिन हर्शेलची गोष्ट इथं सांगावीशी वाटते. ती 1772मध्ये भाऊ विल्यमकडं इंग्लंडमधल्या बाथला आली आणि गायिका म्हणून नाव मिळवू लागली. भावाला दुर्बिणींचा ध्यास लागला. घरातली जवळजवळ प्रत्येक खोली कारखाना झाली: दिवाणखान्यात दुर्बिणीची नळी, झोपायच्या खोलीत लेथ. तिनं आठवणींत लिहिलंय की हे पाहून तिला वाईट वाटत होतं. दुर्बिणीचा आरसा घासताना विल्यम एकदा सोळा तास हात काढू शकला नाही, तेव्हा ती त्याला घास भरवत होती. 1781मध्ये त्यानं बाथमधल्या घराच्या बागेतून युरेनस ग्रह शोधला. तिचं गाणं मागं पडत गेलं. 1786मध्ये भाऊ परदेशी असताना तिनं स्वतः एक धूमकेतू शोधला आणि पुढं आणखी सात. 1787पासून तिला राजाकडून वर्षाला 50 पौंड पगार मिळू लागला. शेवट चांगला झाला म्हणून ही गोष्ट गोड करून सांगतात. मला त्यातली दिवाणखान्यातली नळी आठवते. घरात नळी आली तेव्हा तिला कोणी विचारलं होतं का?

म्हणून नवऱ्याला विचाराच: या भिंतीवर त्याला आणखी काय करायचं होतं? सासूबाईंना विचारा, मुलीला सांभाळण्याच्या त्या पाऊण तासात त्यांचं काय राहून जातं? उत्तर ‘काही नाही’ असंच येईल. आठवडाभरानं पुन्हा विचारा, मग खरं येईल. त्यांची एक वेळ तुम्ही तशीच राखा, तुमच्या वेळेइतकीच कडक. दर तीन-चार महिन्यांनी सगळ्यांनी बसून हे वेळापत्रक मोडायचं आणि पुन्हा जुळवायचं, कारण शाळेच्या वेळा बदलतात, तब्येती बदलतात.

मुलीचं राहिलं. तिला लांब ठेवायचा प्रयत्न फसेल. त्या भिंतीच्या खालच्या भागात, तिच्या कोपराच्या उंचीला, तिची स्वतःची फळी आणि तिचे स्वतःचे जलरंग द्या. तिच्या कामावरही पडदा असू दे, आणि तिच्या परवानगीशिवाय तुम्हीही तो उघडू नका. कॅडमियम, कोबाल्ट आणि शिशाचा पांढरा असलेल्या नळ्या मात्र वरच्या बंद खणात, कुलूप लावून. तेलात कालवलेला रंग हवेत उडत नाही, तो हातातून तोंडात जातो. वाळलेला रंग घासला तर मात्र धूळ होते, त्यामुळे घरात चित्र पॉलिशपेपरनं घासायचं नाही. हात धुतल्याशिवाय कोणी काही खायचं नाही, हा नियम दोघींनाही.

पट्ट्या ठोकण्याआधी पंधरा दिवस भिंतीवर नुसता कॅनव्हास टांगून, जुनी चादर पडद्यासारखी लावून बघा. खिडकीचा उजेड कोणत्या वेळी कुठं येतो आणि पलंगाला धक्का लागतो का, ते कळेल. भोकं पाडायची ती त्यानंतर.